समुद्राचा पडदा

१

लोकांना देखणं करणं हा माझा धंदा. हंबीररावांच्या फोटो स्टुडिओत मी बावीस वर्षं रिटचिंग केलं. खिडकीशी एक उतरतं मेज, त्यात बसवलेली दुधी काच, खाली आरसा. आरशावरून उजेड वर यायचा. काचेवर निगेटिव्ह ठेवायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि सुईसारख्या टोकाच्या शिसपेन्सिलीनं एकेक डाग भरत जायचं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. तिथं जे कोरं राहतं ते फोटोत काळं उमटतं, आणि तिथं पेन्सिल फिरवली की फोटोत उजळ येतं. देवीचे वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, ओठावरची लव, सगळं मी नाहीसं करायचो. लग्नानंतर नवऱ्या मुलांच्या शिव्या खाल्लेला कोल्हापुरात माझ्याइतका दुसरा माणूस नसेल.

कुणी त्याला खोटेपणा म्हणत. मी म्हणायचो, माणसाला चांगलं दाखवण्यात काय वाईट आहे?

त्र्याहत्तर सालच्या जानेवारीत हंबीररावांनी नवा पडदा करायचं काढलं. फोटोसाठी माणसं ज्याच्यापुढे उभी राहतात तो रंगवलेला पडदा. जुना होता राजवाड्याच्या जिन्याचा, आणि त्या जिन्याला पोपडे सुटले होते. "आता समुद्र पायजे," हंबीरराव म्हणाले. "आपल्या माणसाला समुद्राची लई हौस. निम्म्यांनी बघितलेला नसतोय, पर फोटोत मागं पायजे."

काम अंबादास पेंटरला दिलं. अंबादास सिनेमाचे बोर्ड आणि नाटकांचे पडदे रंगवायचा. त्यानं आजवर पन्नास समुद्र काढले असतील, सगळे कॅलेंडरवरून. हंबीररावांनी त्याला सहज चिडवलं, "बघितलायस का रं कधी खरा?" अंबादासला ते लागलं. त्यानं दुसऱ्या दिवशी देवगडची एस.टी. धरली. चार दिवसांत येतो म्हणाला आणि आला तिसऱ्या आठवड्यात.

२

पडदा बारा फूट रुंद आणि नऊ फूट उंच होता. अंबादासनं तो स्टुडिओच्या हॉलमध्ये सोडला आणि मी आणि हंबीरराव बघत राहिलो.

वरचं आभाळ उत्तम. माडही उत्तम. खालचा भाग मात्र निराळाच होता. किनाऱ्याचं पाणी काळपट आणि जाड दिसत होतं, त्यावर तेलाची सप्तरंगी साय. वाळूत डांबराचे गोळे. लाटेच्या कडेला फेस, आणि फेसात उताणे पडलेले मासे, शेकड्यांनी, पांढरी पोटं वर करून. एक पक्षी डांबरात पंखांसकट चिकटलेला. इतकं हुबेहूब काम मी त्याच्या हातून कधी पाहिलं नव्हतं. तेलरंगाचा वास असणारच, पण मला त्यात मासळीचाही आला.

"अंबादास," हंबीरराव म्हणाले, "हितं नवरा-बायको हुबं ऱ्हाणार हायत. मयताला न्हाय येणार."

"जे बघितलं ते काढलंय, मालक. कुठल्या तरी बोटीतनं तेल सांडलंय म्हणं. मैलभर चाललो मी. पाय टाकायला जागा नव्हती."

"मग पेपरात लिही की. माझ्या पडद्यावर कशाला?"

"पेपर कोण वाचतंय? आपल्या नदीत मासे मरून वर येत्यात, ते बघायला कोण घाटावर जातंय का? फोटोला मात्र नटून येत्यात. मग हितं बघू द्या की, आपण कशापुढं हुबं हाय ते. तुम्ही चार मोठी माणसं बोलवा, पडद्याचं उद्घाटन करा."

मी मध्ये तोंड घातलं. "अरे, आपली पंचगंगा पूर्वेला जाते. देवगडच्या समुद्राशी तिचा संबंध काय? चौथीच्या पोराला विचार."

"समुद्र एकच हाय, अण्णा," अंबादास म्हणाला. तो चेष्टेत बोलत नव्हता.

तो गेल्यावर हंबीररावांनी मला बाजूला घेतलं. "अण्णा, तेवढं खालचं उजळून टाक बाबा. तुझ्याच हातचं काम हाय."

माझ्याच हातचं होतं. मी दोन दिवसांत पांढऱ्या रंगाच्या लाटा काढून मासे, डांबर, पक्षी, सगळं झाकलं. बेमालूम झालं होतं. हंबीररावांनी पाठ थोपटली आणि मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

आठवड्यानं अंबादास आला. थेट पडद्यापुढे जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता हा माझी गचांडी धरणार.

"कुणी केलं?"

"मी."

त्यानं पांढऱ्या लाटांवरून हात फिरवला आणि हात नाकाशी नेला. "अण्णा, तू झाकलंस खरं. पर ते जाणार कुठं?"

एवढंच बोलून तो निघून गेला. पुढे कळलं की तो परत देवगडलाच गेला. कोल्हापुरात तो पुन्हा दिसला नाही.

३

नव्या पडद्यापुढे पहिला फोटो काढला तो सयाजीचा. हा एस.टी.त कंडक्टर होता, नुकतं लग्न झालेलं. बायको त्याच्या खांद्याला लागेल एवढी, आणि सारखी हसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची निगेटिव्ह माझ्या काचेवर आली.

चेहरे छान होते. पायांशी मात्र निगेटिव्ह कोरी होती. दोघांच्याही घोट्यापर्यंत, सरळ रेषेत. मी तसाच एक फोटो छापून घेतला. घोट्यांपर्यंत काळं. बायकोच्या लुगड्याचा काठ पायाला चिकटला होता, पाण्यात उभं राहिल्यावर चिकटतो तसा.

मी काही भाबडा माणूस नाही. डाग पडायची शंभर कारणं मला पाठ आहेत. त्या उन्हाळ्यात नळाचं पाणी चहासारखं येत होतं. नदीच्या वरच्या अंगाला कोण काय सोडतं ते सगळ्या गावाला माहीत होतं आणि बोलत कुणीच नव्हतं. असल्या पाण्यात निगेटिव्ह धुतली तर डाग पडणारच. मी पेन्सिलीला टोक काढलं आणि दोघांचे पाय कोरडे करून टाकले.

मग मी धुण्यासाठी विहिरीचं पाणी आणवलं, ते फडक्यातून दोनदा गाळलं. पुढच्या निगेटिव्हवर रेषा पोटरीपर्यंत होती. त्याच्या पुढच्या गिऱ्हाइकाची गुडघ्यापर्यंत. मागचा समुद्र मात्र स्वच्छ, पांढऱ्याशुभ्र लाटांचा. काळं जे काही होतं ते फक्त माणसांवर.

मी भरत गेलो. महिनाभर दुसरं काही केलंच नाही म्हणा.

दुपारी हंबीरराव जेवायला घरी जात. स्टुडिओचं दार ओढून घेतलेलं, हॉल रिकामा, मी माझ्या खिडकीशी. तेव्हा आवाज यायचा. पातेल्यातलं पाणी हिंदकळावं तेवढाच. मी उठून हॉलमध्ये जायचो. पडदा स्थिर लोंबत असायचा, खालची फरशी कोरडी. परत येऊन बसलो की पुन्हा आवाज. मी मोरीचा नळ घट्ट केला, त्याचा वॉशर बदलून घेतला. पुढे पुढे मीही दुपारचा घरी जेवायला जाऊ लागलो.

४

माणूस गेला की घरचे एन्लार्जमेंट करायला येतात. हार घालायचा फोटो. बहुतेक वेळा जुना, पिवळा पडलेला फोटो घेऊन येतात आणि आम्ही त्याच्यावरून नवा करतो. मार्च महिन्यात जी माणसं येऊ लागली त्यांच्याजवळ आमच्याच स्टुडिओची नवी कोरी पाकिटं होती.

सयाजीचा भाऊ आला. डोक्याला रुमाल गुंडाळलेला, डोळे सुजलेले. "काविळीनं गेला वो पावणं. आठ दिवसांत. निस्ता तोंडाचा मोठा करून द्या."

"आणि त्याची बायको?"

"हातरुणावरच हाय तीबी."

कावीळ गावभर होती. दवाखान्यात जागा नव्हती, पाणी उकळून प्या म्हणून रिक्षा फिरत होती. मी मनाशी म्हणालो, गावात साथ आहे, आपण गावातल्या माणसांचे फोटो काढतो, त्यातली काही माणसं जाणारच. याच्यात नवल ते काय? हिशेब सरळ होता. मी निगेटिव्ह काढायला आत गेलो.

पाकिटातून ती काढून काचेवर ठेवली. माझी पेन्सिल तिच्यावर नव्हती. पुसलेली नव्हती, खरवडलेली नव्हती; नव्हतीच. कोरी रेषा सयाजीच्या हनुवटीला लागली होती. शेजारी हसणाऱ्या त्याच्या बायकोच्या कमरेपर्यंत आली होती.

मी भिंग लावून पुन्हा पाहिलं; चूक नव्हती. तरीही मी काय केलं ते सांगतो. बाहेर त्याचा भाऊ थांबला होता, आणि हनुवटीखाली काळं असलेला फोटो त्याला कसा द्यायचा? मी पेन्सिल उचलली आणि गळा भरून दिला.

चार दिवसांनी तोच भाऊ पुन्हा आला. या वेळी बायकोच्या फोटोसाठी.

५

बनाबाई ताक विकायची. वडणग्याहून डोक्यावर घागर घेऊन चालत यायची. साठीची असेल. तिनं एकदा पडदा बाहेरून पाहिला आणि हटूनच बसली, "मला समुद्राम्होरं हुबं करा." हंबीररावांनी फोटो काढला. निगेटिव्हवर रेषा तिच्या मांडीपर्यंत होती.

मी अजून पेन्सिल लावली नव्हती तोच ती आत घुसली. "झाला का माझा फोटू?"

"मावशी, थोडं नीटनेटकं करायचं राहिलंय."

"काय नीट करतोस? हाय तसा दे. ह्या वयात मला काय नवरा बघायचाय व्हय?"

मी कच्चा फोटो दाखवला. ती मांडीपर्यंत काळ्या पाण्यात उभी होती, लुगडं भिजून अंगाला लागलेलं. मला वाटलं आता ओरडणार. ती खो खो हसली. "अगं बया! समुद्रात गेलतो की मी! लोकं मागं समुद्र घेत्यात, मी आतच उतरलो!" फोटो पदराला बांधून ती तशीच घेऊन गेली.

नंतर ती दिसेनाशी झाली. कावीळ झाली असं कळलं आणि मी समजलो की संपलं. सात आठवड्यांनी स्टुडिओच्या दारात तीच आरोळी, "ताक घ्या ताक!" वाळून कोळ झाली होती, डोळ्यांत थोडा पिवळेपणा होता, पण उभी होती.

मी तिची निगेटिव्ह शोधून काढली. रेषा घोट्यापर्यंत उतरली होती.

त्या दिवशी मी माझ्या मेजावर डोकं टेकून रडलो. मी भरलेले चेहरे, गळे, पाय डोळ्यांपुढून जाईनात. मी कुणाला मारलं असं म्हणायला माझी बुद्धी तयार नव्हती, आजही नाही. पण त्यानंतर मी एकाही निगेटिव्हला पेन्सिल लावली नाही. हंबीरराव चिडले, गिऱ्हाइकं चिडली. माझी नजर गेली असं मी सांगितलं.

६

माझी मुलगी नंदिनी त्या वर्षी बी.ए.ला होती. गडहिंग्लजचं एक स्थळ चालून आलं होतं, मुलगा हायस्कुलात शिक्षक. फोटो मागितला होता. मी तिला म्हणालो होतो, आपल्या स्टुडिओत नको, दुसरीकडे काढू. तर मी अंबाबाईच्या देवळात गेलेलो असताना हंबीररावांनीच तिला हौसेनं बोलावून घेतलं. "तुझी पोरगी ती माझी पोरगी," ते म्हणाले. "सगळ्यात भारी पडदा लावला बघ."

निगेटिव्ह मी काचेवर ठेवली. रेषा तिच्या छातीपर्यंत होती.

मी तिला दुसऱ्या स्टुडिओत नेलं. तिथं मागं साधी करडी भिंत. त्या फोटोतही ती छातीपर्यंत ओली होती. तो फोटोग्राफर कॅमेऱ्याचं भिंग पुसत बसला आणि मी नंदिनीला घेऊन घरी आलो. वाटेत तिनं विचारलं, "अण्णा, काय झालंय? माझ्यात काही दोष आहे का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी, हॉल रिकामा असताना, मी सुरी आणि टर्पेंटाइन घेऊन पडद्यापुढे बसलो. मी झाकलेलं मीच उघडं करणार होतो. लोकांना दिसू दे, हंबीररावांना काय करायचं ते करू दे. पांढरा रंग सहज सुटत होता. पहिल्यांदा पक्ष्याची जागा खरवडली, मग फेसाची, मग जिथं मासे सर्वांत दाट होते ती.

पांढऱ्याखाली नुसतं कापड होतं. मासे नव्हते. डांबर नव्हतं. अंबादासच्या रंगाचा एक ठिपकासुद्धा तिथं नव्हता, आणि कापड ओलं होतं.

घरी लीलानं, माझ्या बायकोनं, वेगळंच धरलं होतं. गडहिंग्लजहून तगादा चालू होता आणि मी फोटो सुधारत नव्हतो. "जगाच्या पोरींची तोंडं उजळ करता," ती म्हणाली, "आणि आपली पोर तेवढी डागाळलेली पाठवता? बाप आहात का कोण आहात?"

"जाऊ दे असाच. नाही म्हणाले तर नाही म्हणू देत."

"तिचं लग्न मोडायचंय का तुम्हाला?"

मोडलं तरी चालणार होतं मला. मी आमच्याच स्टुडिओतला, डाग असलेला फोटो पाकिटात घालून गडहिंग्लजला आक्काकडे पाठवला. आक्का माझी थोरली बहीण, स्थळ तिच्याच ओळखीतलं. निगेटिव्ह मी घरी आणून कपाटात कुलपात ठेवली.

त्याच आठवड्यात नंदिनीला ताप आला. डोळे हळदीसारखे झाले. ती पाणीसुद्धा ओकून टाकत होती. मी रोज सकाळी कपाट उघडून निगेटिव्ह खिडकीशी धरायचो. छाती. छाती. छाती. लीलाला वाटायचं मी देवाचं काही करतोय, आणि तसं म्हटलं तर ती प्रार्थनाच होती. अकराव्या दिवशी रेषा कमरेवर आली. त्या दुपारी नंदिनीनं पेज मागितली. पुढच्या गुरुवारी गुडघ्यांवर. डॉक्टर म्हणाले, वाचली.

७

रविवारी दुपारी आक्का आली. एस.टी.तून उतरून थेट घरी, हातात पेढ्यांचा पुडा. लीला पुढच्या खोलीत तांदूळ निवडत होती. नंदिनी आतल्या खोलीत पडून होती, पण गेले दोन दिवस तिचं गुणगुणणं बाहेर ऐकू येत होतं.

"तोंड गोड करा," आक्का म्हणाली. "पसंत केली पोरगी! फोटो बघूनच पोराची म्हातारी आई भुलली की."

लीलानं हातातलं सूप खाली ठेवलं. तिचे डोळे भरून आले. मला मात्र एकच कळत नव्हतं. "त्या फोटोवर भुलली?"

"तसल्या फोटोवर कशी भुलंल?" आक्कानं पिशवीतून पाकीट काढलं. "नरशा, तू म्हणजे शहाणा का खुळा रे? गावाचे फोटो नीट करतोस आणि पोरीचा असला पाठवतोस? पाणी सांडल्यागत काळा. मी दाखवलाच न्हाय तसा, टोलवत ऱ्हायलो. शुक्रवारी बाजारपेठंतल्या आमच्या फोटोवाल्याकडं गेलो, म्हटलं आमच्या पोरीचं तेवढं नीट करून दे. त्यानं रात्रीत करून दिला. काल दाखवला. बघ तरी."

फोटो माझ्या हातात आला. करड्या-पांढऱ्या रंगानं ब्रश फिरवून सगळं काळं झाकलं होतं. नंदिनी कोरडी, नितळ, पांढऱ्या लाटांपुढे उभी होती. काम बरं होतं. मी याहून चांगलं केलं असतं, असा विचार क्षणभर मनात आला आणि माझी मलाच किळस आली.

"काय रे, असं काय बघतोस?" आक्का म्हणाली. "माझं काय चुकलं व्हय?"

तिचं काय चुकलं होतं? तिनं तेच केलं होतं जे मी बावीस वर्षं केलं. तेही प्रेमानं.

"नंदे!" तिनं आत हाक मारली. "ऊठ गं. ये, तुझा फोटो बघ."

आत खाट वाजली. मग पावलं ऐकू आली. मे महिन्याचं ऊन होतं, आमची शहाबादी फरशी तापलेली आणि खडखडीत कोरडी. पावलं मात्र घाटाच्या पायऱ्या चढून येणाऱ्या माणसाची होती, भिजल्या कपड्यांची, जड. लीला सूप पुन्हा मांडीवर घेत, मान वर न करता म्हणाली, "अगं, न्हाणीतनं आलीस का? पाय पुसून ये."

"न्हाणीत कुठं गेले होते मी?" नंदिनी म्हणाली.

ती दाराच्या चौकटीत उभी राहिली. महिन्यानं पहिल्यांदा तिच्या गालांवर रंग होता. ती लाजत होती, हसत होती. खोलीत डांबराचा वास भरला आणि आक्कानं पदर नाकाला लावला.

"अण्णा, बघू की," तिनं हात पुढे केला. "कशी दिसते मी?"

"छान दिसतेस," मी म्हणालो, आणि तिच्या तोंडाकडेच बघत राहिलो. खाली बघितलं नाही.